तात्यांची ओहोटी

आमच्या नदीला पाणी मुंबईच्या हुकमाने यायचं. हे नव्या माणसाला सांगितलं की तो आधी हसायचा. पण रोह्याच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेच्या काठी जन्मलेल्या कुणालाही विचारा. वर डोंगराच्या पायथ्याशी वीजघर होतं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठाल्या नळांतून खाली सोडायचे, त्याने आतली चाकं फिरायची, वीज तारांवरून मुंबईला जायची आणि कामावरून सुटलेलं पाणी आमच्या दारावरून रोह्याकडे. मुंबईला वीज हवी असली की नदी भरायची, नको असली की ओसरायची. सकाळी पाणी, दुपारी दगड उघडे, आणि दुपार कलली की पुन्हा पाणी, ते मुंबईवाले दिवे मालवून झोपेपर्यंत. माझी आत्या संध्याकाळी नदीकडे बघून म्हणायची, “लावला गो बायांनी तिकडं दिवा. आता बसतील जेवायला.” जणू तिच्या नणंदाच होत्या सगळ्या.

आमच्या घरात मात्र चिमणी. रॉकेलची, काच फुटकी, काचेला कागद चिकटवलेला. वीज आमच्या अंगणावरून जायची, पण उतरायची नाही. शेताच्या कडेला तारांचा लोखंडी मनोरा उभा होता आणि हवा दमट असली की तारा गुणगुणायच्या. पाहुणा आला की विचारायचा, हे काय वाजतं? बा म्हणायचा, “काय नाय, मुंबईची वीज चाललीय.” बा गरीब स्वभावाचा. कुणाला उलटून बोलणं त्याच्या जिभेला जमत नसे, आणि आलेल्या पाहुण्याला तर नाहीच. आत्या त्याच्या बरोबर उलट. ती लवकर विधवा होऊन आमच्याकडे परत आलेली, पण घर तिच्याच आवाजावर चालायचं. आय चुलीपाशी, आत्या ओट्यावर, बा शेतात, आणि मी या तिघांच्या मागे कुठेतरी.

मी बोलत नसे. मुकी नव्हते, पण माणसाचं तोंड समोर आलं की माझं बंद. चौथीनंतर शाळा सुटली याचं घरात कुणाला वाईट वाटलं असेल तर असो, मला नाही वाटलं, कारण तिथे रोज उभं राहून उत्तर द्यावं लागे. आणि गंमत अशी, की गावातलं सगळ्यात मोठ्याने ओरडायचं काम माझ्याकडे होतं. नदीकाठी उंचावर करंजाचं झाड होतं. दुपार कलली की मी तिथे जाऊन बसायची. वरच्या गावातून हाक यायची, “पानी आ...लं!” की मी ती झेलून खाली टाकायची, “पानी आ...लं!” मग आमच्या बायका धुणं उचलायच्या, गुराखी म्हशी काढायचे, आणि पुढच्या गावातलं कुणीतरी माझी हाक उचलून आणखी खाली न्यायचं. पाण्याच्या आधी हाक पोचायची. समोर माणूस नव्हता, नुसतं नदीचं वळण होतं, म्हणून माझा गळा मोकळा सुटायचा. माझी मैत्रीण सुमी म्हणायची, “तुला नवरा पन नदीच्या पलीकडचाच बघाया पायजे. हितून तिथं संसार करशील.”

हे हसण्यावारी होतं तोवर ठीक. पण एक स्थळ येऊन गेलं. नाव विचारलं, मी मान खाली घालून बसले. पुन्हा विचारलं, मी आणखी खाली. त्यांनी पोहे खाल्ले आणि जाताना वेशीपाशी कुणालातरी सांगून गेले, पोरगी मुकी आहे, घरच्यांनी लपवलंय. ती गोष्ट पाण्याच्या हाकेसारखीच गावोगाव खाली गेली. त्यानंतर माघ आला तरी कुणी विचारायला फिरकलं नाही. संध्याकाळी जेवताना बा माझ्याकडे बघायचा आणि मग भाकरीकडे बघायचा. त्या वर्षी जमलं नाही तर कायमची आत्याच्या शेजारची जागा, हे मलाही कळत होतं. आत्याची जागा वाईट नव्हती, पण ती आत्याची होती.

मग पेणकडून निरोप आला. आमचेच लोक, पण खाडीकडचे, खारातले. मिठागरात काम करणारे. मुकी असल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली नसावी, किंवा पोचूनही ते येत असावेत. मुलाचा बाप म्हणजे तात्या. ते येणार म्हणून बाने शेजारच्या धोंडूला बैलगाडी देऊन पलीकडच्या सडकेवर पाठवलं. एस.टी.तून उतरून गाडीने नदीपर्यंत, आणि मग दगडांवरून पायी अलीकडे. दुपारी नदी अगदी उघडी होती. तात्या दगडांवरून असे आले, जसे स्वतःच्या पडवीत फिरताहेत. धिप्पाड, उन्हाने तांब्यासारखे झालेले, हातात वेताची काठी, आणि खांद्यावर मिठाची थैली. “आमच्या आगरातलं हाय. लग्न ठरो, न ठरो, मीठ घ्या,” म्हणत थैली त्यांनी आयच्या हातात दिली. त्यांच्या मागे दोन भावकीतली माणसं आणि सगळ्यांत मागे हे. ह्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, तेव्हा कागदावरही नको.

मला पाटावर बसवलं. आत्याचं हिरवं लुगडं माझ्या अंगावर, आणि ते सुटेल या भीतीने मी श्वासही अर्धाच घेत होते. तात्यांनी विचारलं, “नाव काय गो पोरी?” मी पाटाच्या रेघा बघत होते. “शाळा किती झाली?” रेघा. “बिरडं येतं का, सोललेल्या वालांचं?” मला येत होतं. मला फार चांगलं येत होतं. पण शब्द घशाशी आले आणि तिथेच बसले. भावकीतल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. तात्या हळूच पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, “वाचा हाय ना पोरीला?”  आत्या दाराआड चडफडत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या.

तेवढ्यात मला वरच्या गावची हाक ऐकू आली. लांबून, पण स्वच्छ. पानी आलं. आज माझ्या जागी करंजाखाली सुमीला बसवलं होतं. मी कान देऊन तिच्या हाकेची वाट बघू लागले. हाक नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून खिडकीकडे पाहिलं, तर गजांना नाक लावून सुमी माझा नवरा बघत उभी! खाली दगडांवर बायका धुणं धूत होत्या, त्यांचे धपके ऐकू येत होते. हाक पुन्हा आली. मग मी काय केलं ते मला आठवत नाही, लोकांनी सांगितलं म्हणून माहीत. मी पाटावरून उठले, लुगड्याचा काचा धरला, पाहुण्यांच्या मधून दारापर्यंत गेले आणि ओट्यावरून नदीकडे तोंड करून ओरडले. एका पाहुण्याच्या हातून पोह्यांची बशी पडली. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. खालच्या बायकांनी धुणं उचललं, आणि पुढच्या गावातून माझी हाक पुढे गेल्याचा आवाज आल्यावर मी मागे वळले, पाहुण्यांची तोंडं पाहिली, आणि पुन्हा मुकी झाले.

तात्या कानात बोट घालून हलवत होते. “मुकी नाय,” ते म्हणाले. “भोंगा हाय.” भावकीतली माणसं हसली. आता काय बोलावं! एकांना मी फार गप्प, दुसऱ्यांना माझा आवाज फार मोठा. तात्या उठले, हात जोडले आणि म्हणाले, “बरं, येतो. कळवू.” कळवू म्हणजे काय ते मुलीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आयने पदर डोळ्यांना लावला नाही, पण हातात धरला.

सगळे नदीवर गेले. पहिल्या दगडांवरून पाणी नुकतंच वाहू लागलं होतं. बा म्हणाला, “चटकन निघा तात्या. हे आता चढंल.” तात्यांनी पाण्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग बोटांच्या पेरांवर हिशेब केला. खाडीकडे भरती काढायची रीत आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. “आज अष्टमी,” ते म्हणाले. “म्हंजे दिवेलागनीला भरती. दुपारी आलो तवा सुकती होती, बरोबर ना? दगडं उघडी होती. आता भरती लागलीय. आनि अष्टमीचं पानी भांगाचं, त्याला जोर नसतो. वीतभर चढंल आनि उतरंल. आमाला पानी शिकवू नका.” बाला सांगायचं होतं की इथे खाडी नाही. पण तात्यांनी तेही आधीच मिटवून टाकलं. “रोह्यापर्यंत खाडी येते का नाय? मग दोन कोस वर याया तिला कोन अडवतं?” बा म्हणाला, “व्हय, तेबी हायच.” पाहुण्याला खोटं पाडायचं नाही, हा बाचा धर्म. आत्या बोलायला पुढे झाली, तर बाने तिचा हात धरला. तात्या निवांतपणे एका धोंड्यावर बसले, तंबाखू मळली, आणि ती संपेपर्यंत पाणी गुडघ्यावर गेलं. ओढ अशी की बैल न्यावा. पलीकडे धोंडू बैल जुंपून उभाच.

आता एक तर वरच्या अंगाने लांब पुलापर्यंत चालत जायचं, नाहीतर थांबायचं. भावकीतली माणसं म्हणू लागली, चला, पुलावरून जाऊ. तात्यांनी पाण्याच्या अगदी कडेला काठी रोवली. “हिच्यापासून पानी मागं हटलं की समजा ओहोटी लागली. नाय हटलं, तर पुलावरून जाऊ.” म्हणजे आमच्या घराचं सगळं आता त्या काठीवर आलं. काठी कोरडी राहिली तर पाहुणे थांबणार, आणि बुडाली तर ‘कळवू’ म्हणून निघून जाणार. आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की पाणी अजून चढायचं आहे. मुंबईत अजून दिवे लागायचे होते.

आत्याला सुचलं ते पोपटीचं. वालाच्या शेंगा रानात भरल्या होत्या. तिने सुमीला भांबुर्डीचा पाला आणायला पिटाळलं, मडकं काढलं, तळाला पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, आणि मीठ म्हणून तात्यांच्याच थैलीतलं खडे मीठ. “खातील स्वतःचं मीठ, मग बघते कशे जातात,” ती पुटपुटली. वर पुन्हा पाला कोंबून मडकं शेतात पालथं घातलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवलं. हल्ली मुंबईची माणसं पोपटी खायला पैसे देऊन येतात. येताना सकाळच्या पाण्यावर रबरी होड्यांतून किंचाळत खाली जातात, आणि पाणी सुटलं नाही तर काठावर तोंड पाडून बसतात. मला त्यांची दया येते. त्यांचेच दिवे आणि त्यांचीच नदी, पण त्यांना ते ठाऊक नसतं.

मला कळशी घेऊन नदीवर पाठवलं. करंजापाशी पोचले तर हे खाली एकटेच. पाणी काठीच्या पुढे आलं होतं, काठी हातभर बुडालेली. ह्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, काठी उपटली, आणि चार पावलं वर चढावर, कोरड्या मातीत, पुन्हा तशीच रोवली. मग काहीच न झाल्यासारखे दोन्ही हात मागे बांधून नदी बघत उभे राहिले. वळले, तेव्हा त्यांना मी दिसले. कळशी माझ्या हातातून निसटली आणि ठणठणत खाली त्यांच्या पायांपाशी गेली. ह्यांनी ती उचलली, भरली, माझ्या हातात दिली, आणि ओठांवर बोट ठेवलं. मला! मुक्या मुलीला म्हणे गप्प राहा! मला हसू आलं आणि मी ते पदरात कोंबलं.

थोड्या वेळाने तात्या डुलत आले. काठी कोरड्यात, पाणी चार पावलं खाली. त्यांनी तिच्या आजूबाजूला एकदा निरखून पाहिलं, काठीवर टिचकी मारली आणि आरोळी ठोकली, “बघा! लागली ओहोटी! बोललो का नाय?” बा म्हणाला, “व्हय व्हय.” भावकीतली माणसं नदीकडे बघत राहिली, त्यांना काही कळेना, पण तात्यांपुढे कोण बोलणार. ठरलं, की पाणी पुरतं उतरेपर्यंत थांबायचं. पुढच्या खेपेला मी नदीवर गेले तर पाणी पुन्हा काठीला लागलेलं. आसपास कुणी नव्हतं. मी कळशी खाली ठेवली आणि काठी आणखी वर नेऊन रोवली. मागे वळले तर हे करंजाच्या बुंध्याला टेकून शेंगदाणे खात होते. दाण्यांची मूठ माझ्यापुढे केली. मी दोन घेतले. एवढंच आमचं बोलणं झालं लग्नाआधी.

दिवेलागण झाली. तात्यांच्या लक्षात आलं की पलीकडे धोंडू बिचारा अजून बैल जुंपून उभा आहे. त्यांनी हाक दिली, भावकीने दिली, पण पाण्याच्या आवाजात ती पलीकडे जाईना. मग तात्या माझ्याकडे वळले. “ए भोंग्या,” ते म्हणाले, आणि मग जरा मऊ होऊन, “पोरी, त्याला सांग, ओहोटी पुरी झाली की येतो. बैलं सोड म्हनावं.” सगळे माझ्याकडे बघत होते. सगळी तोंडं समोर. मी नदीकडे वळले, वळणाकडे पाहिलं, आणि ओरडले, “धोंडूदादा! तात्या म्हनतात, ओहोटी झाली की येतो! बैलं सोड!”

पलीकडे धोंडू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याची हाक आली. आमच्या माणसांना नुसता आवाज आला, पण माझे कान रोज त्याच कामाचे. धोंडू म्हणत होता, “कसली डोंबलाची ओहोटी! मुंबई झोपल्याबिगर पानी जातं का? म्हातारा खुळा का काय?”

“काय म्हनला गो?” तात्यांनी विचारलं.

 ह्यांच्या तोंडातला दाणा तोंडातच राहिला. मी तात्यांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि माझा आवाज निघाला, बारीक, पण निघाला. “तुमचं बरोबर हाय म्हनतो.”

“आनि?”

“सावकाश या म्हनतो. अष्टमी हाय.”

ह्यांना ठसका लागला. सुमीने ह्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि स्वतः तोंड लपवून पळाली. तात्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बाला म्हणाले, “भोंगा नाय हो. मोजकं बोलते, पन मानसाला धरून बोलते.” आत्याने मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं, म्हणजे पोपटी झाली. मडकं फोडलं, वाफ सुटली, शेंगांचा आणि पाल्याचा तो कडवट गोड वास. तात्यांनी एक शेंग सोलून तोंडात टाकली आणि थबकले. “मीठ कोनाचं?” आत्या म्हणाली, “तुमचंच.” तात्या हसले ते पोट हलवून. “मग आता झालंच की. आमचं मीठ तुमच्या मडक्यात शिजलं.” तिथेच शेकोटीपाशी सुपारी फुटली. पाहुणे रात्री आमच्या पडवीत झोपले. सकाळच्या पाण्याआधी दगड उघडे पडले, तेव्हा तात्या बाला म्हणाले, “बघा. उतरलं का नाय?” आणि काठी टेकत पलीकडे गेले.

मी खारात आले. तिथे पाणी खरोखरच तिथीने यायचं आणि मला त्याचा हिशेब तात्यांनीच शिकवला. ते थकल्यावरची गोष्ट. एकदा मिठागराच्या झोपडीत मी त्यांची भाकरी घेऊन गेले होते. समोर ऊन पाण्यातून मीठ काढत होतं. तात्या अचानक म्हणाले, “सूनबाय, ओहोटीनं उघडी पडलेली जमीन ओली असते. त्या दिवशी काठीखालची माती कोरडी होती. धूळ उडत होती.” मी भाकरी त्यांच्यापुढे सरकवली. “मग बोलला नाय ते, मामंजी?” “बोललो असतो तर पुलावरून जावं लागलं असतं. पोपटी मडक्यात होती.” आणि भाकरीचा तुकडा मोडत पुढे म्हणाले, “आनि मिठागरवाल्याचे कानबी बहिरे नसतात. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलून जन्म गेला आमचा. त्यो धोंडू मला खुळा म्हनला. तू मला अष्टमी म्हनलीस. मग कोनाची पोर घरात आनायची?”

आता आम्ही रोह्याजवळ वरशाला राहतो. मुलगा धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. गच्चीवर त्याने सोलरच्या पाट्या बसवल्या आहेत, आणि हे रोज सकाळी फडकं घेऊन त्या पुसतात. ह्यांचं म्हणणं, आगरात ऊन पडलं की मीठ, गच्चीत पडलं की वीज, मालक एकच. मला एवढंच वाटतं, की उन्हाला हाक मारून पुढे सांगायला माणूस लागत नाही. मग माझ्यासारख्या पोरीने काय करावं?

शेंगांच्या दिवसांत आम्ही घराच्या मागच्या पडीक जागेत पोपटी लावतो. दरवर्षी नातवंडं गोळा झाली की हे तीच गोष्ट सांगतात, काठी कशी सरकवली, तात्यांना कसं फसवलं, आणि त्यांना शेवटपर्यंत कशी दाद लागू दिली नाही. पोरं पोट धरून हसतात. मग धाकटी माझ्याकडे वळून विचारते, “आजी, खरंच त्यांना कळलं नव्हतं?” हे मोठ्या ऐटीत मिशीवरून हात फिरवतात. मी मडक्यावर पाणी शिंपडते आणि मान खाली घालते.

मी कुठे बोलते? मी तर मुकी.